जुनी मोटार, नवा धनी : विक्रेत्याच्या हमीचा इतिहास



व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राजवंश उभे राहतात. आज आम्ही ज्या विषयाचा इतिहास सांगणार आहोत त्यात राजा नाही आणि रणांगणही नाही. त्यात आहे ती एक वापरलेली मोटार, तिचा नवा धनी, आणि खरेदीनंतर तीन आठवड्यांत भर रस्त्यात बसलेले इंजिन. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु साधारण कुटुंबात घराच्या खालोखाल मोठी खरेदी वाहनाचीच असते, आणि ज्याला नवे वाहन परवडत नाही तोच जुन्याकडे वळतो. म्हणजे तोटा सोसण्याची ताकद ज्याच्या अंगी सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला हा धोका सर्वांत अधिक येतो.

प्रश्न थोडक्यात असा : वस्तू विकली, पैसे चुकते झाले, वस्तू घरी आली, मग तिच्यात आधीपासून दडलेला दोष बाहेर पडला. नुकसान कोणी सोसायचे? या प्रश्नाला जगात आजवर दोनच उत्तरे दिली गेली आहेत. एक उत्तर म्हणते, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. दुसरे म्हणते, देणाऱ्याने तोंड उघडावे. या दोन उत्तरांमधली ओढाताण हाच आमच्या आजच्या कथेचा विषय आहे.

दोष लपतो कसा?

कायद्याकडे वळण्यापूर्वी इंजिनाकडे क्षणभर पाहू. मोटारीच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मिनिटाला हजारो वेळा वरखाली होत असतो. दट्ट्या आणि त्याच्याभोवतालचे नळकांडे यांच्यामध्ये, तसेच फिरता दांडा आणि त्याची बेअरिंगे यांच्यामध्ये, तेलाचा केसाहून पातळ असा पापुद्रा असतो. तो आहे तोवर लोखंड लोखंडाला शिवत नाही. तेल कमी पडले, जळून गेले किंवा त्याचा दाब उतरला की पापुद्रा फाटतो, घर्षणाने उष्णता वाढते, धातू फुगतो आणि दट्ट्या जागच्या जागी धरला जातो. मिस्त्री लोक म्हणतात, 'इंजिन बसले.'

आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, इंजिन एका क्षणात बसते, पण झिजते मात्र अनेक वर्षे. ही झीज बाहेरून दिसत नाही. रंग नवा असतो, गाद्या स्वच्छ असतात, भोंगा खणखणीत वाजतो. झिजलेले इंजिन खडखडू नये म्हणून त्यात दाट तेल घातले तर चारआठ दिवस आवाज दबतो. नळकांडी झिजली असली तर निळसर धूर येतो खरा. पण तो ओळखायला नजर लागते, आणि पाच मिनिटांच्या फेरफटक्यात तो दिसेलच असेही नाही. उलट ज्याने ती गाडी चार वर्षे चालवली, किंवा ज्याच्या अंगणात रोज दहा गाड्या येतात आणि जातात, त्याला ती आजारी आहे की धडधाकट हे कळण्याची पुष्कळ साधने असतात. एकाला माहीत असते, दुसऱ्याला नसते, आणि सौदा मात्र दोघांमध्ये व्हायचा असतो. सर्व तंट्याचे मूळ येथे आहे.

स्मृतिकारांचा क्रीतानुशय

हा तंटा मोटारीबरोबर जन्मला असे मात्र कोणी समजू नये. आपल्या धर्मशास्त्रात व्यवहाराची, म्हणजे न्यायालयीन तंट्यांची, अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत खरेदीविक्रीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाला स्वतंत्र स्थान आहे. 'अनुशय' म्हणजे पश्चात्ताप. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात घेणाऱ्याला वा देणाऱ्याला दहा दिवसांच्या आत व्यवहार परतवण्याची मुभा दिली आहे; दहा दिवसांनंतर परतवू पाहणाऱ्याला दंड सांगितला आहे.

याज्ञवल्क्य याहून बारकाईने विचार करतो. सर्व वस्तूंना एकच मुदत लावणे त्याला पटत नाही. बियाण्याची परीक्षा दहा दिवस, लोखंडाची एक दिवस, ओझे वाहणाऱ्या वा गाडी ओढणाऱ्या जनावराची पाच दिवस, रत्नांची सात दिवस, दुभत्या जनावराची तीन दिवस, अशी तो वाटणी करतो. यामागची दृष्टी किती व्यवहारी आहे पाहा. लोखंड ठोकून पाहिले की एका दिवसात कळते. गाय तीन दिवस पिळली की दुधाचा अंदाज येतो. बी मात्र पेरून उगवण्याची वाट पाहावी लागते. वस्तूचा दोष उघड व्हायला जितका काळ लागतो तितका काळ घेणाऱ्याला द्यावा, हे तत्त्व त्या एका श्लोकात आहे. या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती सहाव्या विक्रमादित्याच्या काळात चालुक्यांच्या कल्याणीस. तेव्हा ही चर्चा आपल्या दक्षिणेच्या मातीला अपरिचित नव्हती. त्या यादीतला ओझे वाहणारा बैल हाच आमच्या मते आजच्या मोटारीचा पूर्वज होय.

नारदस्मृतीत तर आमच्या विषयाला थेट भिडणाऱ्या तीन गोष्टी सापडतात. पहिली : घेतलेला माल पसंत पडला नाही तर त्याच दिवशी अखंड स्थितीत परत करावा, दुसऱ्या दिवशी परत करणाऱ्याने किमतीचा तिसावा हिस्सा गमवावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, त्यापुढे माल घेणाऱ्याचाच. दुसरी : निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याने किंमत दुप्पट परत करावी आणि तितकाच दंड भरावा. तिसरी : वापरून मळलेले, काळवंडलेले वस्त्र दोषासकट घेतले असेल तर ते विक्रेत्याकडे परत जात नाही.

ही तिसरी गोष्ट म्हणजे जुन्या मालाचा कायदाच आहे. जुने आहे हे ठाऊक असून घेतलेस, तर जुनेपणाची तक्रार करू नकोस. आणि दुसरी गोष्ट म्हणजे फसवणुकीचा कायदा. दाखवलेस एक आणि दिलेस दुसरे, तर तुझी गय नाही. या दोहोंमध्ये एक भली मोठी मोकळी जागा उरते. वस्तू जुनी हे माहीत होते, दाखवली तीच दिली, पण पोटात दोष होता आणि तो दोघांपैकी कोणीच उच्चारला नाही. मोटारीचे बहुतेक तंटे या मोकळ्या जागेत पडतात.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. याज्ञवल्क्याच्या त्याच श्लोकात दासी आणि दास यांच्या परीक्षेचीही मुदत आहे. माणूस जेथे माल होता तेथे मालाविषयीचे शहाणपण पुष्कळ असूनही माणसाविषयीचे शहाणपण कमी होते, हे आपण विसरू नये.

रोमचा बाजार

हीच लाज रोमन कायद्यालाही आहे. रोममध्ये बाजारावर देखरेख ठेवणारे 'ईडाइल' नावाचे अधिकारी असत. गुलाम आणि ओझ्याची जनावरे विकणाऱ्यांच्या लबाड्या त्यांच्यापुढे रोज येत. म्हणून त्यांनी आज्ञा काढली की, विक्रेत्याने मालातले रोग आणि दोष विक्रीच्या वेळी उघड सांगितले पाहिजेत. न सांगितलेला दोष पुढे निघाला तर घेणाऱ्याला दोन मार्ग मोकळे होते : सहा महिन्यांच्या आत व्यवहार मोडून पैसे परत मागावे, किंवा एका वर्षाच्या आत किमतीतला फरक मागावा.

या आज्ञेतला सर्वांत धाडसी भाग असा की, विक्रेत्याला दोष ठाऊक होता की नाही हा प्रश्नच तिने बाद ठरवला. ठाऊक नसेल तर ठाऊक करून घेणे हे त्याचे काम, असा तिचा रोख होता. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचा जो महासंग्रह करवला त्यात हे नियम आले, आणि तेथून युरोप खंडातल्या अनेक देशांच्या कायद्यांत उतरले. 'देणाऱ्याने तोंड उघडावे' या उत्तराचा हा सर्वांत मोठा विजय होय.

इंग्लंडातली उलटी गंगा

इंग्लंडने मात्र दुसरे उत्तर धरले. 'घेणाऱ्याने सावध असावे' हे लॅटिन वचन तेथे इतके रुळले की पुष्कळांना ते रोमन कायद्याचेच वाटते. सोळाव्या शतकातल्या एका इंग्रजी शेतीविषयक पुस्तकात ते घोड्याच्या खरेदीसंबंधाने येते. बैल, घोडा, मोटार : वाहने बदलत गेली, तंटा तोच राहिला.

1603 सालच्या एका प्रसिद्ध खटल्यात एका सोनाराने शंभर पौंड घेऊन एक खडा विकला. तो 'बेझोअर' आहे, असे त्याने सांगितले होते. बेझोअर म्हणजे जनावराच्या पोटात सापडणारा, विष उतरवतो अशी समजूत असलेला खडा. आपल्याकडच्या जहरमोहऱ्याची आठवण व्हावी असा. खडा खोटा निघाला. न्यायालयाने म्हटले, सोनाराने 'हा बेझोअर आहे' एवढेच सांगितले. 'मी याची हमी देतो' असे म्हटले नाही. सबब दावा चालत नाही. सांगणे वेगळे आणि हमी देणे वेगळे! एका शब्दाच्या अभावी शंभर पौंड बुडाले.

पुढे दोनशे वर्षांनी कारखाने आले, माल दूरदेशीहून पेट्यांत बंद होऊन येऊ लागला, आणि डोळे उघडे ठेवा हा उपदेश फोल ठरला. कारण पाहायला माल समोरच नसे. 1815 साली टाकाऊ रेशमाच्या पोत्यांच्या एका दाव्यात न्यायमूर्ती एलेनबरो यांनी सांगितले की, माणूस माल विकत घेतो तो उकिरड्यावर टाकण्यासाठी घेत नाही. तेव्हा त्या नावाने बाजारात खपण्याइतका तरी तो असलाच पाहिजे. 1829 साली जहाजाच्या तळाला ठोकण्याच्या तांब्याच्या पत्र्याचा खटला झाला. जो पत्रा चार वर्षे टिकायचा तो चार महिन्यांत गेला. बनवणाऱ्याला पत्र्याचा उपयोग ठाऊक होता, म्हणून त्या उपयोगाला तो योग्य असल्याची हमी गृहीत धरली गेली. हमी हा शब्द आता उच्चारायला नको. कायदाच तो विक्रेत्याच्या तोंडी घालू लागला.

हे सर्व निवाडे एकत्र बांधून 1893 चा मालविक्रीचा कायदा झाला. त्याचा मसुदा करणारे मॅकेंझी चामर्स हे तरुणपणी हिंदुस्थानात मुलकी नोकरीत होते, आणि पुढे 1896 पासून व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेमंत्रीही झाले. आपल्याकडे विक्रीची कलमे आधी 1872 च्या करार कायद्यात होती. ती काढून इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर 1930 चा मालविक्री कायदा करण्यात आला. तो आजही चालू आहे.

त्याचे सोळावे कलम आमच्या विषयाचा पाया आहे. ते आरंभीच बजावते की, गुणवत्तेची हमी सर्वसाधारणपणे गृहीत धरायची नाही. म्हणजे जुने उत्तर कायम. मग अपवाद येतात. विक्रेता त्या जातीच्या मालाचा धंदा करणारा असेल, आणि घेणारा आपली गरज सांगून त्याच्या कसबावर विसंबला असेल, तर माल त्या कामास योग्य हवा. तसेच धंदेवाल्याकडून वर्णनावरून घेतलेला माल बाजारात खपण्याजोगा हवा; मात्र घेणाऱ्याने तपासला असेल तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याची तक्रार चालणार नाही. आणि बासष्टावे कलम म्हणते की, दोघांनी करार करून ही गृहीत हमी काढूनही टाकता येते. या शेवटच्या दारातून पुढे किती गाड्या पळाल्या ते आता पाहू.

मोटारी न्यायालयात येतात

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात जुन्या मोटारींचा बाजार तेजीत आला. बहुतेक खरेदी हप्त्यांवर चाले. हप्त्याच्या छापील करारात बारीक अक्षरांत एक कलम असे : गाडीच्या वयाची, स्थितीची अथवा कोणत्याही कामास योग्यतेची हमी दिलेली नाही. घेणारा सही करी. वाचणारे थोडे, समजणारे त्याहून थोडे.

1956 साली अशाच एका सहीचा निकाल लागला. एका गृहस्थाने एक ब्यूइक गाडी पाहिली. ती उत्तम चालत होती. सौदा ठरला. काही दिवसांनी रात्री ती त्याच्या दारात ओढून आणून सोडण्यात आली. सकाळी पाहतो तो नवे टायर जाऊन जुने आलेले, रेडिओ नाहीसा, इंजिनाचे डोके उतरवलेले, झडपा जळालेल्या आणि दोन पिस्टन मोडलेले. ती चालणे शक्यच नव्हते. हप्त्याची कंपनी म्हणाली, करारात हमी नाही, पैसे भरा. न्यायमूर्ती डेनिंग आणि त्यांचे सहकारी यांनी ते मानले नाही. जी ओढल्याशिवाय हलत नाही ती मोटारच नव्हे; जे कबूल केले त्याच्याहून निराळीच वस्तू दिल्यावर कलमाची ढाल पुढे करता येत नाही, असा निवाडा झाला. दाखवलेस एक आणि दिलेस दुसरे! नारदाने ही गाडी ओळखली असती.

त्याच वर्षी दुसरा खटला झाला. विक्रेत्याने गिऱ्हाइकाला सांगितले होते की, गाडी लहान पण गुणी आहे. आपण तिच्यावर आपला प्राण पणाला लावू. आठवड्याभरात सुकाणू निकामी होऊन ती समोरच्या मालमोटारीवर आदळली, आणि घेणारा जबर जखमी झाला. प्राण पणाला लागला तो गिऱ्हाइकाचा. न्यायालयाने ते बोलणे बाजारी बढाई म्हणून सोडून न देता हमी म्हणून विक्रेत्याच्या गळ्यात घातले. 1603 च्या सोनारापासून कायदा किती दूर आला हे यावरून दिसेल.

परंतु प्रत्येक बोलणे हमी होत नाही. याविषयी दोन निवाडे शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. एकात एका साध्या माणसाने आपली मॉरिस गाडी 1948 ची म्हणून मोटारीच्या व्यापाऱ्याला दिली. नोंदवहीत तसेच होते. ती निघाली 1939 ची. व्यापारी भरपाई मागू लागला. न्यायालयाने नाही म्हटले : या माणसाला वहीपलीकडे काही कळण्याचे साधन नव्हते, तुला होते. दुसऱ्यात, 1965 साली, व्यापाऱ्याने बेंटली गाडी विकताना सांगितले की नवे इंजिन बसवल्यापासून ती वीस हजार मैल चालली आहे. प्रत्यक्षात ती लाखाच्या घरात चालली होती. येथे हमी धरली गेली, कारण हे शोधून काढणे व्यापाऱ्याच्या हाती होते. वाक्ये दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की ती बोलणाऱ्याला कळायला हवे होते का. डोळे आणि तोंड यांच्या भांडणात न्यायाधीशांना सापडलेला हा तिसरा मार्ग होता : ज्याला माहीत असणे शक्य, त्याच्यावर भार.

आणि आता आरंभी सांगितलेले ते बसलेले इंजिन. 1965 साली एका जुन्या जॅग्वार गाडीचा निवाडा झाला होता. क्लच बिघडला आहे हे व्यापाऱ्याने आधीच सांगितले होते. दुरुस्त करून हवी तर इतके, तशीच हवी तर 25 पौंड कमी, असा पर्याय दिला होता. घेणाऱ्याने स्वस्तातली घेतली. दुरुस्ती अंदाजापेक्षा फार महाग पडली, पण दावा बुडाला. डेनिंग म्हणाले, जुनी गाडी घेणाऱ्याने आज ना उद्या काही निघणार हे धरूनच चालावे. गाडी चालण्याजोगी असली की पुरे.

या निवाड्यावर भिस्त ठेवून दुसरे एक व्यापारी न्यायालयात उभे राहिले. त्यांनी 1972 साली 1964 ची जॅग्वार 390 पौंडांना विकली होती. आकडा होता 82,165 मैल. जॅग्वारला एवढे मैल म्हणजे काहीच नव्हेत, असे सांगितले गेले. तीन आठवडे आणि सुमारे 2,300 मैल झाले, आणि इंजिन बसले. व्यापारी म्हणाले, घेतली तेव्हा चालत होती, तीन आठवडे चाललीही. जुन्या गाडीचे असेच असते. पण साक्षीला गाडीचा आधीचा मालक आला. त्याने सांगितले की, आपण ती व्यापाऱ्याला दिली तेव्हाच इंजिन पार निकामी होत आले होते. 1974 साली अपील न्यायालयाने घेणाऱ्याचा पक्ष उचलून धरला. योग्यता विक्रीच्या क्षणी हवी हे खरे. परंतु इंजिन इतक्या लवकर बसले, हाच ते त्या क्षणी योग्य नव्हते याचा पुरावा, असे तत्त्व ठरले.

श्रोतेहो, या दोन जॅग्वारांमध्ये सर्व कायदा सामावला आहे. पहिलीत दोष सांगितला होता आणि किमतीत धरला होता. घेणाऱ्याने तो विकत घेतला. दुसरीत दोष पोटात होता. जुनेपणाची किंमत घेणाऱ्याने मोजलेली असते; लपलेल्या मरणाची नव्हे.

लिंबाचा बाजार

अमेरिकेत रद्दी निघालेल्या मोटारीला 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात. 1970 साली जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 'लिंबांचा बाजार' या नावाचा छोटा निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे : घेणाऱ्याला चांगली गाडी आणि रद्दी गाडी यांतला फरक कळत नसेल तर तो सरासरी भाव देऊ करील. त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकणार नाही, रद्दीचा आनंदाने विकील. चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातील, भाव आणखी उतरेल, आणि शेवटी बाजारच बसेल. निबंध तीन नियतकालिकांनी नाकारला. 2001 साली त्याच कामासाठी लेखकाला इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. अॅकरलॉफ यांनी त्या सुमारास एक वर्ष दिल्लीत काढले होते, आणि निबंधात आपल्या बाजारातल्या खडे मिसळलेल्या तांदळाचा दाखला आहे. तांदूळ निवडणाऱ्या आमच्या मातामाउल्या या सिद्धांताशी आधीपासूनच परिचित होत्या!

यातून निघणारा धडा मोलाचा आहे. हमीचा कायदा केवळ घेणाऱ्यावरची दया नव्हे. प्रामाणिक विक्रेत्याला बाजारात उभे राहू देणारी ती व्यवस्था आहे.

1970 नंतर कायदेमंडळे पुढे आली. इंग्लंडात 1973 च्या कायद्याने घरगुती गिऱ्हाइकाच्या बाबतीत ते बारीक अक्षरांतले कलम निरर्थक ठरवले. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे तेथे व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते. त्यानंतर दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. ती फसली तर गाडी परत करता येते किंवा किंमत कमी करून घेता येते. दुरुस्ती वा बदली मागताना, सहा महिन्यांच्या आत निघालेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे धरले जाते. नव्हता हे व्यापाऱ्याने सिद्ध करायचे. सहा महिने! ईडाइलांचीच मुदत सुमारे दोन हजार वर्षांनी पुन्हा अवतरली. खाजगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला मात्र ही हमी नाही. ती वर्णनाप्रमाणे असली की झाले.

अमेरिकेत संघराज्याच्या व्यापार आयोगाने व्यापाऱ्याला ठाऊक असलेले दोष जाहीर करण्याचा नियम योजला होता. तो 1982 साली काँग्रेसने अडवला. अखेर 1984 साली जो नियम झाला त्यात दोष सांगण्याची सक्ती गेली. गाडीच्या काचेवर, हमी आहे की 'आहे तशी', एवढे लिहिलेला कागद लावण्याची सक्ती राहिली. काही राज्ये पुढे गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये 40 हजार मैलांच्या आतल्या गाडीला 90 दिवस, 80 हजारांच्या आतल्या गाडीला 60 दिवस आणि सव्वा लाखाच्या आतल्या गाडीला 30 दिवस, अशी कायद्याचीच हमी आहे. गाडी जितकी थकलेली, तितकी मुदत थोडी. बियाण्याला दहा दिवस आणि लोखंडाला एक दिवस देणारा याज्ञवल्क्य येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आपल्या घरची गोष्ट

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे मोटारी इतक्या दुर्मिळ होत्या की नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा दुष्काळात जुनी गाडी मिळाली हेच भाग्य; हमी मागणार कोण? मालविक्री कायद्याचे सोळावे कलम पुस्तकात होते, पण दिवाणी दावा म्हणजे गाडीच्या किमतीइतका खर्च आणि गाडीच्या आयुष्याहून मोठा काळ. हक्क होता, तो वसूल करण्याची वाट नव्हती.

ती वाट पाडण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. 1966 साली मुंबईत काही महिलांनी ग्राहक मार्गदर्शनासाठी संस्था काढली. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, आणि 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि वकिलाशिवायही दाद मागता येईल अशी जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था आली. 2019 चा नवा कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात पुरेशा तपासणीशिवाय दिलेली हमी आणि जुना वा पुन्हा जुळवलेला माल नवा म्हणून विकणे या गोष्टी अनुचित व्यापारी प्रथांत मोडतात. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. 1 एप्रिल 2023 पासून वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेण्याचा नियमही आला आहे, आणि ताब्यातल्या गाडीची जबाबदारी व्यापाऱ्यावर आली आहे.

तरीही इंग्लंडातल्याप्रमाणे तीस दिवसांची किंवा सहा महिन्यांची ठरीव मुदत आपल्या कायद्यात जुन्या गाडीसाठी नाही. दोष विक्रीच्या वेळी होता, हे दाखवण्याचा भार पुष्कळदा घेणाऱ्यावरच येतो. म्हणून इतिहासातून निघणाऱ्या चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून आम्ही आपली रजा घेणार आहोत.

विक्रेत्याने तोंडी सांगितलेले कागदावर घ्यावे. मैल, मालकांची संख्या, इंजिनाचे झालेले काम, अपघात. कागद द्यायला जो कचरतो त्याने उत्तर दिलेच आहे असे समजावे. आपला मिस्त्री बरोबर न्यावा, आणि इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. सुरू करून ठेवलेल्या गाडीने बरेच काही लपवलेले असते. व्यापाऱ्याकडून घेत आहोत की घरगुती मालकाकडून, हे पक्के समजून घ्यावे. स्वस्ताईत पुष्कळदा हमी सोडल्याची किंमत दडलेली असते. आणि इंजिन बसलेच तर ते उघडण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी कळवावे, तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय घ्यावा, गाडी तशीच दामटू नये. माल स्वीकारून वापरत राहणाऱ्याला तो परत करण्याचा हक्क सहसा उरत नाही. मागे राहते ती केवळ नुकसानभरपाई. नारदाने तिसऱ्या दिवसापुढे माल घेणाऱ्याचाच म्हटले, ते उशीर करणाऱ्याला उद्देशूनच.

एवढे करूनही जो फसला, त्याने आपण मूर्ख ठरलो म्हणून गप्प बसू नये. दडलेला दोष न दिसणे हा मूर्खपणा नव्हे. तो दिसू नये अशीच त्याची जागा असते. गप्प बसणाऱ्यामुळे एका कुटुंबाची पुंजी जातेच, शिवाय तीच गाडी थोडी दुरुस्त होऊन पुढच्या गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहते. बाजार सुधारतो तो तक्रार करणाऱ्या थोड्या माणसांच्या चिकाटीने. 390 पौंडांच्या एका इंजिनासाठी तो इंग्लंडमधला माणूस अपील न्यायालयापर्यंत लढला, म्हणून आज आपण त्या निवाड्याविषयी बोलू शकतो. आपल्या गावातही कोणी तरी तसे उभे राहावे, आणि उभे राहणाऱ्याच्या पाठीशी शेजाऱ्यांनी राहावे, एवढीच आमची विनंती आहे.